जोगदंडकाकांचा गुडघा

आई गेली तेव्हा आमच्या घरातून सगळ्यात आधी गेला तो स्टोचा आवाज. अण्णांना पहिली पाळी असली की कारखान्याच्या भोंग्याआधी आई उठायची, स्टोला पंप मारायची, आणि तो भर्रकन पेटला की पत्र्याखालची आमची दोन खोल्यांची जागा जागी व्हायची. पुढं तोच स्टो मी पेटवू लागले. तीच पिन, तेच रॉकेल, पण माझ्या हातून तो भुरभुरायचा, धूर काढायचा आणि बऱ्याच वेळानं, नाइलाज झाल्यासारखा निळा व्हायचा. अण्णा भिंतीला टेकून बसलेले असायचे. चहा झाला तर प्यायचे, नाही झाला तर तसेच सायकल काढायचे. रागवायचे नाहीत. रागवले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

आमचं घर चिकलठाण्यात, जालना रोडपासून थोडं आत. विमानतळ जवळ, त्यामुळं विमान उतरायला लागलं की पत्रे थरथरायचे आणि घरातलं बोलणं आपोआप थांबायचं. आईला सवय अशी की हातातली पळी हातात, तोंडातलं वाक्य तोंडात ठेवून ती थांबायची, आणि विमान गेलं की ते वाक्य बरोबर तिथूनच पुढं उचलायची. ती गेल्यावरही विमानं येत राहिली. थांबवायला बोलणं मात्र उरलं नव्हतं. कावीळ झाली, तिनं ती अंगावर काढली, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. त्यात सांगण्यासारखं एवढंच आहे. मी तेव्हा आठवीत होते.

फडताळात आईनं करून ठेवलेल्या येसराची बरणी होती. येसर म्हणजे आमच्याकडचं भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. मला तेवढंच जमत होतं. माझ्या भाकऱ्या जाड व्हायच्या, कडेला कच्च्या आणि मध्ये करपलेल्या, पण आमटीला चव आईच्या हाताची यायची, कारण ते पीठ तिनंच भाजून दळून आणलेलं होतं. सकाळी येसर, रात्री येसर. आज दुसरं काही कर, असं अण्णा एकदाही म्हणाले नाहीत. मग एक दिवस चमचा बरणीच्या तळाला खरखर वाजला. उरलंसुरलं मी आमटीत झटकलं, बरणी राखेनं घासली आणि पालथी घातली. अशा वेळी पोरीला हुंदका फुटायला हवा, हे मला ठाऊक होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही, तेव्हा शाळेचं दप्तर भरायला घेतलं.

माझं न रडणं हा गल्लीतल्या बायकांचा काळजीचा विषय झाला होता. करमाडची आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, दिवस घालायला आली ती राहिलीच. हातानं जड, जिभेनं तिखट आणि पोटात माया अशी बाई. तिच्याभोवती शेजारणी जमायच्या आणि मी समोर असतानाच म्हणायच्या, "पोरीला रडवा वं अक्का. आत साचलं का डोस्क्यात जातं." मग माझ्या मांडीवर आईचं लुगडं ठेवून झालं. आईच्या आठवणी काढून झाल्या. त्यात रडल्या त्या शेजारणीच. एकदा आत्यानं कांदे चिरायला बसवलं, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर ती म्हणाली, "ह्ये कांद्याचं हाय, ह्ये नाय धरायचं." शेवटी तिनं मला एक थोबाडीत दिली आणि स्वतःच पदरात तोंड खुपसून हमसून रडायला लागली. मी तिला पाणी आणून दिलं. ते पिऊन ती अण्णांना म्हणाली, "बाळू, पोरीचा दगड झाला रं."

दगडाला दुखत नाही, हे तिला कोण सांगणार? मला तर बरंच होतं.

आता मैदानाबद्दल सांगायला हवं. वस्तीच्या मागं, एका कारखान्याची लांबलचक भिंत आणि लिंबाची झाडं यांच्यामध्ये एक मोकळी जागा होती. शहराचं नाव पुढं बदललं, पण त्या जागेला तेव्हाही मैदान म्हणत आणि आजही मैदानच म्हणतात. तिथं रशीदभाई मुलींना खोखो शिकवायचे. रशीदभाई कारखान्यात फिटर होते. कामावरून सुटले की घरी जायच्या आधी मैदानावर येऊन पाणी मारायचे, फक्कीनं रेघा आखायचे. त्यांच्या जोडीला कुमुदताई. त्या दवाखान्यात नर्स होत्या. फुटलेल्या गुडघ्यांना जांभळं औषध लावणं, माठ भरून ठेवणं आणि मुलींच्या घरी जाऊन बापांशी बोलणं, ही त्यांची कामं. तिसरे जोगदंडकाका. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आमच्या सगळ्यांच्या अर्ध्या चड्ड्या त्यांनीच शिवलेल्या, आणि रविवारी ते पंच असायचे. गळ्यात टेप आणि तोंडात शिट्टी. पंचगिरी हा त्यांचा जीव की प्राण होता. सामना नसला तर गल्लीतल्या कुत्र्यांच्या भांडणातसुद्धा ते फाऊल द्यायचे, असं रशीदभाई म्हणत. या तिघांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सुटीच्या सकाळी ही मोठी माणसं दुसऱ्यांच्या पोरींसाठी रेघा का मारत बसतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही. नळाला पाणी येतं तशी ती यायची.

पाचवीपासून मी तिथं खेळत होते आणि बरी खेळत होते. आई गेल्यावर जाणं बंद झालं. कधीमधी रॉकेलच्या रांगेतून परतताना भिंतीशी उभी राहून बघायची, मग घरी यायची. रशीदभाईंनी तिथं मला पाहिलं असणार. ये म्हणाले नाहीत, हातही केला नाही.

येसर संपलं त्याच सुमाराला आत्यानं निकाल लावला. अण्णा जेवत होते. ती म्हणाली, "सुमीला मी करमाडला नेते. तू पाळ्या करणार, पोर घरात एकली. वयात आली आता. माझ्या नजरंखाली राहील, रानात हात लावील. शाळा झाली तेवढी लई झाली."

अण्णा म्हणाले, "बघू."

आईनंतर अण्णांकडे तेवढा एकच शब्द उरला होता. किराणा आणू का? बघू. फी भरायची? बघू. आत्याला तो होकार वाटला. करमाड काही लांब नव्हतं, जालना रोडनं एसटीत बसलं की आलंच. पण तिथं गेले की शाळा संपणार, दोन वर्षांत पाहुणे बघायला येणार, आणि आत्याच्या सुना जे करत होत्या तेच मी करणार, हे मला स्वच्छ कळत होतं. कळत होतं, लागत मात्र नव्हतं. दुसऱ्या कुणा सुमनबद्दल बोलणं चाललंय असं ऐकत मी भाकरी थापत राहिले.

त्या शनिवारी संध्याकाळी रशीदभाई आणि कुमुदताई घरी आले. आत्यानं पदर सारखा केला. ते माझ्या शाळेबद्दल बोलणार, अण्णांना समजावणार, मग आत्या त्यांना सुनावणार, असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. रशीदभाई उंबऱ्याशी टेकले आणि म्हणाले, "भाऊ, एक अडचण हाय. जोगदंडांचा गुडघा गेला. उद्या मॅच हाय अन् पंच नाय. पोरगी द्या येवढ्या इतवारी."

"पोरगी अन् पंच?" आत्या म्हणाली.

"खेळेल हाय ना ती. नियम पाठ हायेत तिला. अन् सध्या ती कुणाच्याच बाजूनं नाय, आपा. असाच माणूस लागतो शिट्टीला."

हे मला टाकून बोलणं होतं की कौतुक, ते आत्याला कळेना. कुमुदताई म्हणाल्या, "मी स्वतः न्यायला येते, स्वतः आणून सोडते." अण्णांनी मान वर केली. "बघू," म्हणाले. रशीदभाई लगेच उठले. "मग सकाळी सातला. शुक्रिया भाऊ." आत्याला तोंड उघडायला सवडच मिळाली नाही. एक रविवार, एवढंच तर मागत होते.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. गुडघा अजून सुजलेलाच होता. त्याच्या पुढच्या शनिवारी डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली होती. कधी सामना असायचा, कधी नुसता सराव, कधी हर्सूलच्या मुली खेळायला यायच्या. दर वेळी मागणी एकाच रविवारची. आत्या चडफडत करमाडला परत गेली. पुढच्या आठवड्यात नेते म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात शनिवार यायचाच. पुढं मीही जन्मभर हेच काम केलं, कितीतरी घरांच्या उंबऱ्यांवर बसले, तेव्हा मला त्यातली मेख कळली. मुलीच्या भविष्याचं विचारलं की बाप दचकतो, घरातल्या सगळ्यांना विचारतो, आणि मग नाही म्हणतो. रविवारचं विचारलं तर म्हणतो, बघू.

पहिल्या रविवारी जोगदंडकाकांनी आपली शिट्टी माझ्या हातात दिली. पितळेची, जड, आणि तिला दुकानातल्या रिळांच्या रंगीत दोऱ्यांचा गोफ. "ऊन पाण्यानं धुयेल हाय," ते म्हणाले. "दातात धर. सारखी फुंकू नको. दिसलं का फुंक. नाय दिसलं तर नाय." मग लंगडत जाऊन लिंबाखालच्या दगडावर बसले. उजव्या गुडघ्याला करडा पट्टा बांधलेला. तिथून ते सगळा खेळ बघायचे. मला एका शब्दानं कधी टोकलं नाही, पण कुणी फाऊल केला की त्यांचे ओठ आपोआप चंबू व्हायचे आणि मोकळीच हवा फुस्स करून बाहेर पडायची. आठवडाभर हा माणूस त्याच पायानं शिलाईचं मशीन चालवायचा. मी शाळेतून येता-जाता ते बघत होते, पायडलचा खडखड आवाज ऐकत होते. गुडघा फक्त रविवारी कसा दुखतो, हे माझ्या मनात आलं नाही. तेव्हा मनात काही येतच नव्हतं म्हणा.

मैदानाची एक रीत होती. खेळ संपला की सगळ्या मुली आणि तिन्ही मोठी माणसं गोल करून बसायची, कुमुदताई गूळ-शेंगदाणे वाटायच्या, आणि पंचानं आपल्याला कुठल्या निकालाची खात्री नव्हती ते सगळ्यांसमोर सांगायचं. जोगदंडकाका पंच असतानाही हे करायचे. कान पकडून, नाटकं करून सांगायचे. आता ते माझ्याकडं आलं. त्या दिवसांत मी घरी बोलत नव्हते, शाळेत बोलत नव्हते. गोलात मात्र बोलावंच लागायचं. "दुसऱ्या पाळीत सुनंदा. बाद दिली. हात लागला का नाही, नीट दिसलं नाही." एवढंच. यावर कुणी जाऊ दे म्हणायचं नाही, होतं असं म्हणायचं नाही. रशीदभाई नुसते हूं म्हणायचे आणि गोल पुढं सरकायचा. दाण्यांची चव मला लागत नव्हती, तरी मी माझा वाटा संपवत होते.

असे महिने गेले. थंडी संपली, लिंबाचा पाला गळून मैदानावर पसरायला लागला. सहामाहीला मला बरे मार्क पडले होते, ते अण्णांनी पाहिले होते की नाही आठवत नाही. मग एका रविवारी सकाळीच आत्या हजर झाली, शनिवार मुद्दाम टाळून. बरोबर नवीन येसराचा डबा आणि धपाट्यांचं गाठोडं. आल्या आल्या तिनं माझी पत्र्याची पेटी ओढली आणि भरायला लागली. शाळेचा ड्रेस, दोन परकर, पुस्तकं. पुस्तकं कशाला ठेवली माहीत नाही. पेटीत जागा होती म्हणून असेल. "दुपारच्या गाडीनं निघायचं," ती म्हणाली. "आता तुझ्या बापाला बी इचारणार नाय अन् त्या भाईला बी." अण्णा रात्रपाळीहून अजून आले नव्हते. मी म्हणाले, "आज सामना आहे." आत्या म्हणाली, "आटप मग. तिथून परस्पर जाऊ." पेटी तिनं स्वतः डोक्यावर घेतली आणि आम्ही मैदानावर गेलो.

योगायोग असा की त्या दिवशी सामना होता करमाडच्याच मुलींशी. आत्या रेघेबाहेर पेटीवर ठाण मांडून बसली आणि घटकाभरात माझं काय करायचं ते विसरून गावाच्या पोरींसाठी ओरडायला लागली. "पळ माय पळ! शेंडग्याची हाय ती, सापडायची नाय!" एका बाजूला मी पंच, दुसऱ्या बाजूला करमाडचे एक गुरुजी, आणि दोघांच्या वर मुख्य पंच, म्हणजे खोखोतला सरपंच, रशीदभाई. चिकलठाण्याची सगळी वस्ती भिंतीशी जमली होती. अण्णाही पाळी सुटल्यावर सायकल हातात धरून गर्दीच्या मागं येऊन उभे राहिलेले मला दिसले. पेटी पाहिली त्यांनी. 

शेवटच्या पाळीत थोडाच वेळ उरला होता. करमाडची एक बारीकशी मुलगी बाद व्हायची राहिली होती; ती मिळाली तर सामना आमचा, नाही मिळाली तर त्यांचा. मागं सुनंदा होती. आमची सगळ्यात चपळ खेळाडू, आणि शाळेत माझ्या शेजारी बसणारी. खोखोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा एक दिशा धरली की समोरचा खांब गाठल्याशिवाय मागं वळायचं नसतं. सुनंदा खांबाकडं सुटली, ती बारीक मुलगी हुलकावणी देऊन मागं सटकली, आणि सुनंदा वळली. खांबाला शिवण्याआधी वळली. माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर. मी शिट्टी फुंकली. सुनंदानं ऐकलं नाही, झेप घेतली, मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि दोन्ही हात वर केले. भिंतीशी एकच गलका उठला. आमच्या मुली नाचायला लागल्या.

फाऊल करून घेतलेली बाद धरत नाहीत, आणि खेळाडू फाऊल दुरुस्त करेपर्यंत पंचानं शिट्टी थांबवायची नाही, असा नियम आहे. मी थांबवली नाही. थोडा वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग हळूहळू गलका खाली बसत गेला आणि माझी शिट्टी तेवढी उरली. "बस कर गं!" कुणीतरी ओरडलं. "आपलीच हाय ना तू?" सुनंदा माझ्याकडं बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ती मान हलवून नाही नाही म्हणत होती. मी रशीदभाईंकडं पाहिलं. ते निकाल देतील, मला सोडवतील, असं वाटलं. त्यांनी हाताची घडी घातली होती आणि ते लांब कारखान्याच्या चिमणीकडं बघत होते. लिंबाखाली जोगदंडकाकांचे ओठ चंबू झालेले होते, आणि माझ्याबरोबर त्यांचीही हवा फुस्स फुस्स निघत होती. माझ्या छातीत दुखायला लागलं, कानशिलं ठणकायला लागली. श्वास घ्यायचा, फुंकायचं, परत घ्यायचा. किती वेळ गेला सांगता येत नाही. सुनंदा पाय आपटत आली, खांबाकडं गेली, खांबाला हात लावला. मी शिट्टी तोंडातून काढली. त्यानंतर दोन-चार पावलांतच वेळ संपला आणि करमाडच्या मुली जिंकल्या.

त्या दिवशी गोलात बसल्यावर मी सांगितलं, "आज सगळं नीट दिसलं." सुनंदा माझ्याकडं पाठ करून बसली होती. रशीदभाई हूं म्हणाले. दाणे वाटून झाल्यावर ते उठून आत्यासमोर गेले, पेटीकडं न बघता उकिडवे बसले, आणि नेहमीच्याच सुरात म्हणाले, "आपा, पुढच्या इतवारी पोरगी लागतीय. जोगदंडांचा गुडघा काय बरा होईना."

आत्यानं विचारलं, "अन् त्याच्या फुडल्या इतवारी?"

"त्ये तवा इचारीन."

"लई चालू माणूस हाय तुमी," आत्या म्हणाली. पण ती हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, नवीन काहीतरी दिसल्यासारखं. "आमी साऱ्याजणी मिळून हिच्या तोंडातून आवाज काढायला बघितला. निघाला नाय. अन् हितं गाव वरडतंय तरी ही आयकंना." मग ती अण्णांकडं वळली. अण्णा सायकल घेऊन जवळ आले होते. "बाळू, काय म्हणतो?"

मला वाटलं, बघू.

अण्णा म्हणाले, "अक्का, राहू दे तिला."

विमान चाललं होतं का वरून? मला तसं आठवतं, पण ते मी नंतर घातलेलं असेल. आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली. "ऱ्हाऊ दे मंग," म्हणाली. "इतवारी मीच येत जाईन धपाटे घिऊन. हिच्या हातची भाकरी बघितली म्या. तिच्यावर माणूस जगायचा नाय."

तेवढ्यात रोडवर एसटी दिसली आणि एकच धांदल उडाली. करमाडच्या मुली त्याच गाडीनं जाणार होत्या. त्यांनी आपल्या पिशव्या उचलल्या, पाण्याचं भांडं उचललं, आणि गावच्या आत्याचं सामान म्हणून माझी पेटीही उचलली. आत्या पदर सावरत चढली, घंटी वाजली, गाडी हलली. मग मला रेघेबाहेरची पेटीची रिकामी जागा दिसली. शाळेचा ड्रेस, पुस्तकं, सगळं करमाडला चाललं होतं. मी ओरडले, "पेटी! माझी पेटी!" कितीतरी महिन्यांत मी एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते.

सगळ्यात आधी उठले ते जोगदंडकाका. दगडावरून जे उठले ते थेट सुटले. गळ्यातली टेप पाठीवर उडत होती, लेंगा एका हातानं वर धरलेला, आणि ते मैदानातून, चर ओलांडून, रोडवर, गाडीच्या मागं वाऱ्यासारखे पळत होते. मैदानावरच्या एकाही मुलीला तसं पळता आलं नसतं. गाडीच्या पत्र्यावर त्यांनी थापा मारल्या, गाडी थांबली, खिडकीतून आत्यानं आणि त्या मुलींनी पेटी खाली दिली. काकांनी ती डोक्यावर घेतली आणि ते झपाझप परत यायला लागले. अर्ध्या वाटेत त्यांनी मान वर केली. आम्ही सगळे ओळीनं उभे राहून बघत होतो. ते जागीच थबकले. मग त्यांना आठवलं, आणि ते लंगडायला लागले. डाव्या पायानं.

कुणी हसलं नाही. कुमुदताई माठात बघायला लागल्या. रशीदभाईंनी फक्कीची पाटी उचलली आणि रेघा संपल्या असूनही ते कुठंतरी रेघ मारायला निघून गेले. मी उभी होते, आणि मला एकदम सगळं कळलं. शनिवारमागून शनिवार रशीदभाई आमच्या उंबऱ्यावर येऊन म्हणत होते की जागा रिकामी आहे. ती रिकामी होती, कारण एक माणूस त्या जागेवरून उठून दगडावर जाऊन बसला होता. त्याला सगळ्यात जे आवडत होतं ते त्यानं ऊन पाण्यानं धुऊन माझ्या हातात दिलं होतं, आणि मोकळी हवा फुंकत बसला होता. माझ्यासाठी. आणि हे सांगायला आता घरी आई नव्हती. तिला हे किती आवडलं असतं, पळी हातात धरून ती किती हसली असती, विमान गेल्यावर तिनं परत सांग म्हणून कसं विचारलं असतं. आई नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दुखलं.  मी मैदानाच्या मधोमध खाली बसले आणि भोकाड पसरलं. अण्णांनी सायकल आडवी टाकली, जवळ आले, काय करावं ते न कळून माझ्या शेजारी मातीत बसले, आणि मग तेही रडायला लागले.

गाडी अजून उभीच होती. खिडकीतून अर्धी बाहेर येऊन आत्या ओरडत होती, "अगं माझे बाई! आता रडती व्हय! गाडी सुटायच्या टायमाला!"

पेटी माझ्यापाशी ठेवून जोगदंडकाका दगडाकडं लंगडत गेले. त्यांच्याशी त्यावर कधीच बोलणं झालं नाही. ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मी दहावी झाले, पुढं शिकले, शाळेत खेळाची शिक्षिका झाले, निवृत्त झाले, आणि अजून रविवारी मैदानावर जाते. माझ्या गुडघ्याला पट्टा आहे, आणि तो बांधताना मला कुणाची फसवणूक करावी लागत नाही, एवढाच काय तो फरक. त्या दिवसानंतर सगळं एकदम बरं झालं असंही नाही. बराच काळ पुन्हा तसंच, सपाट गेलं. फक्त दाण्यांना चव लागायला लागली होती.

पुढच्या रविवारी आम्ही मैदानावर आलो तेव्हा जोगदंडकाका आमच्या आधीच दगडावर येऊन बसले होते. पट्टा या खेपेला डाव्या गुडघ्याला होता. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं, मी सुनंदाकडं पाहिलं. "कसा आहे गुडघा, काका?" मी विचारलं.

"लई दुखतो गं," ते म्हणाले. "चल, वाजव."

मी शिट्टी वाजवली.